मोरे सिस्टर आणि मागचा मंगळवार

गळ्यात झेंडूचा हार घातलेला उमेदवार चार मजले चढून घामाघूम झालेला असायचा. मागे पंचवीस-तीस कार्यकर्ते, त्यांतले दोघे ढोल घेऊन. दार अर्धंच उघडायचं आणि आतून मोरे सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "पेशंटसोबत एकच नातेवाईक. बाकीचे खाली."

आवाज जराही चढलेला नसायचा. सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला गर्दी हटवायला आवाज लागत नाही. उमेदवार गडबडून मागे बघायचा. नातेवाईक म्हणून आत कुणाला घ्यायचं, यावरून जिन्यातच पक्षात फूट पडायची वेळ यायची. ढोलवाले तेवढे खूश व्हायचे. ढोल घेऊन चार मजले चढलेल्या माणसाला 'खाली जा' म्हणणारी बाई देवमाणूसच वाटणार.

कोपरीतल्या आमच्या प्रभात सोसायटीत सोळा घरं आहेत आणि लिफ्ट नाही. मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे टाकी भरली नाही, पार्किंगमध्ये घूस दिसली किंवा वरच्यांच्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या चादरीवर पडलं, की शिव्या ज्याला बसतात तो माणूस. सिस्टरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "सेक्रेटरी" म्हणायच्या. त्यात थोडा मान असायचा आणि बराचसा संशय.

अंगाने त्या लहानखुऱ्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी बघताना वळवायला लागू नये म्हणून लागलेली ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पण इमारतीतल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच टोचलेलं आणि निम्म्या म्हाताऱ्यांना हॉस्पिटलात कॉट मिळाली ती त्यांच्यामुळे. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात त्या रोज दोन वेळा खाली येऊन तिची कूस बदलून द्यायच्या, पाठीला पावडर लावायच्या आणि मला म्हणायच्या, "रडायचं तर बाहेर जाऊन रडा, पेशंटला ओलावा चालत नाही." सिस्टरांना 'नाही' म्हणायची आमच्या इमारतीत कुणाची प्राज्ञा नव्हती. पुढे जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली. बंद नळाला पाणी यावं तसे उमेदवार आले. आधी नुसती हवा, मग गढूळ. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी जिना चढायचं. सिस्टरांच्या हॉलमध्ये समोरच निळ्या कोटातली तसबीर होती, खाली बुद्धाची छोटी मूर्ती. दारात "रामराम ताई" म्हणणाऱ्या माणसाची नजर तसबिरीवर गेली की आत पाऊल टाकेपर्यंत त्याचा "जय भीम" झालेला असायचा. सिस्टर दोन्हींना "नमस्कार" एवढंच म्हणायच्या. नंतर मला म्हणाल्या, "उंबऱ्यावर इतका बदलतो, तर खुर्चीवर किती बदलेल?"

त्यांची तपासण्याची पद्धत ठरलेली होती. उमेदवाराला स्टुलावर बसवायचं आणि तो पुढच्या पाच वर्षांत काय काय करणार हे सांगायला लागला की हात वर करून थांबवायचं. "पुढचं कोणीही सांगतो. मागचा मंगळवार सांगा. सकाळपासून."

याला त्या 'हिस्ट्री घेणं' म्हणत. वॉर्डातला शब्द. पेशंटला 'कसं वाटतंय' विचारलं की तो सिनेमातलं बोलतो. 'शेवटचं काय खाल्लंत, किती वाजता' विचारलं की आजार सापडतो, असं त्यांचं म्हणणं. मी सेक्रेटरी म्हणून बहुतेक वेळा तिथे हजर असायचो, त्यामुळे मला पुष्कळ मंगळवार ऐकायला मिळाले. एक जण म्हणाला, मी मंगळवारी जनतेच्या सेवेत होतो. सिस्टरांनी विचारलं, कुठल्या पत्त्यावर. त्याला पत्ता आठवेना. एका बाईंच्या वतीने त्यांचे यजमानच बोलायला लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पेशंटला बोलू द्या." बाईंनी खाली बघत सांगितलं की मंगळवारी त्यांनी घरातली कपाटं आवरली. त्या गेल्यावर सिस्टर हळहळल्या. बाई बऱ्या आहेत, म्हणाल्या, पण त्या उभ्या राहिलेल्या नाहीत, त्यांना उभं केलंय.

या सगळ्यात सिस्टरांना एकच गोष्ट हवी होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या ट्रस्टचा दवाखाना होता. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या. आजूबाजूच्या चाळींतल्या बायका पोरांना डोस पाजायला तिथे यायच्या, टीबीची औषधं तिथे मिळायची. निवृत्तीनंतर सिस्टर तिथे फुकट बसायच्या. छप्पर गळायला लागलं म्हणून तो बंद झाला आणि मग कानावर आलं की त्या जागेवर पार्किंग होणार. सिस्टर प्रत्येक उमेदवाराला शेवटी हेच विचारायच्या, दवाखाना परत उघडून देणार का. सगळेच 'हो' म्हणायचे. एकाने तर तिथे मल्टिस्पेशालिटी बांधतो म्हणून सांगितलं. त्याला त्यांनी आधी आपलं बीपी तपासून घ्यायला सांगितलं.

'नाही' म्हणणारा एकच निघाला, नंदूशेठ. केबलच्या धंद्यापासून सुरुवात करून बांधकामापर्यंत पोचलेला स्थानिक माणूस. बोटांत चार अंगठ्या, हातांत तीन फोन, आणि गल्लीच्या दर खांबावर त्याचं हसणारं तोंड. त्याचा मंगळवार ऐकण्यासारखा होता. "खरं सांगू काय सिस्टर? मंगळवारी दुपारी झोपलेलो. सोमवारी पोराचा साखरपुडा, मटण जास्त झालेलं. संध्याकाळी उठलो, परत झोपलो." दवाखान्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "नाय होणार. त्या जागेवर मोठ्यांचा डोळा आहे. मी 'हो' बोललो तर तुम्हीच मला उद्या पकडाल."

सिस्टर हसल्या, पण नापास केलं. आळशी आणि निर्लज्ज, म्हणाल्या, दोन्ही रोग एकाच अंगात.

नंदूशेठने मात्र आम्हाला आधीच टोचून ठेवलं होतं. आचारसंहिता लागायच्या आधी त्याने 'दिवाळीच्या शुभेच्छा' म्हणून आमच्या इमारतीला रंग द्यायला घेतला. बांबूची परांची बांधली गेली, माणसं आली, आणि मोरपंखी रंग दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला तोच आचारसंहिता लागली. काम थांबलं. परांची तशीच राहिली. नंदूशेठ मला म्हणाला, "सेक्रेटरी, उरलेले दोन मजले निकालानंतर." यात धमकी नव्हती, लालूचही नव्हती. नुसतं वेळापत्रक होतं. पण रोज सकाळी दूध आणायला खाली उतरणारा प्रत्येक सभासद मान वर करून एकदा त्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीकडे बघायचा.

आणि मग मिहीर आला. एकटा. घोडबंदर रोडवरची कंपनीतली नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिलेला, तिशीतला, चष्मेवाला. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं, ग्लास स्वतः मोरीत नेऊन ठेवला. तसबीर बघून त्याच्या 'नमस्कार'चं काही वेगळं झालं नाही. मंगळवारी काय केलं विचारल्यावर त्याने जरा आठवून सांगितलं की सकाळी स्टेशनसमोरच्या चाळीतल्या एका आजींना मोतीबिंदू तपासायला नेलं होतं. रांग मोठी होती, सगळा दिवस तिथेच गेला, दुपारी दोघांनी वडापाव खाल्ला.

तो गेल्यावर सिस्टरांनी चाळीतल्या ओळखीच्या बाईला फोन लावून खात्री केली. आजी खऱ्या, मोतीबिंदू खरा, वडापावही खरा. सिस्टरांचा चेहरा मी इतका खुललेला क्वचितच पाहिला होता. दवाखान्याचं त्याने लेखी द्यायची तयारी दाखवली होती. त्या म्हणाल्या, कागद नको.

दुसऱ्या दिवसापासून त्या गुडघ्यांना पट्टे बांधून आमच्या इमारतीतलं घर न् घर फिरल्या. कुणाला कधी काही न मागणाऱ्या बाईने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "या पोराला द्या. मी हिस्ट्री घेतली आहे." जोशीकाकांनी हात जोडून हो म्हटलं. सावंतवहिनींनी चहा पाजून हो म्हटलं. मीही म्हटलं.

आता इथे मला सांगायलाच हवं. मतदानाच्या दिवशी मी मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर नव्हत्या, मिहीर नव्हता, तिसरा आणि चौथा मजला होता. परांची तशीच ठेवून पावसाळा आला तर सभासद मला जगू देणार नव्हते. मी नंदूशेठचं बटण दाबलं. बाहेर आलो तर सिस्टर शाळेच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत होत्या. "दिलंत ना?" त्यांनी विचारलं. मी शाई लावलेलं बोट दाखवलं आणि हो म्हणालो. मत दिलं होतं, एवढं तरी खरं होतं.

मिहीर थोडक्या मतांनी निवडून आला. सिस्टरांनी गल्लीत पेढे वाटले. नंदूशेठच्या माणसांनी दुसऱ्याच दिवशी परांची सोडून नेली. आजही आमची इमारत कमरेपर्यंत मोरपंखी आणि वर मळक्या पिवळ्या रंगाची आहे. रिक्षावाले पत्ता सांगताना 'लुंगीवाली बिल्डिंग' म्हणतात.

पंधरवडाही झाला नसेल, गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला. मिहीर ज्यांच्या विरोधात लढला होता त्यांच्याच नेत्याच्या शेजारी उभा, गळ्यात त्यांचंच उपरणं. खाली लिहिलं होतं, 'विकासासाठी'. पुढे काही आठवड्यांनी दवाखान्याचे पत्रे उतरले आणि पार्किंगचा नारळ फुटला. फोडला मिहीरनेच.

सिस्टर त्याच्या नव्या ऑफिसात गेल्या, मलाही घेऊन. मला वाटलं होतं तो टाळेल. पण तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, आणि मनापासून वाटावं अशा आवाजात म्हणाला की बाहेर राहून काहीच करता येत नाही, आतूनच बदल घडवावा लागतो. मग त्यांच्या पाया पडायला वाकला. सिस्टरांनी पाय मागे घेतले. "तुझा मंगळवार खरा होता रे," एवढंच त्या म्हणाल्या.

परत येताना त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तेव्हा त्याच्याकडे विकायला काही नव्हतंच. ऑपरेशनच्या आधी सगळेच पेशंट शहाणे असतात. मी टेस्टच चुकीची केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. सिस्टर उभ्या होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधून. "सेक्रेटरी, माझ्या शब्दावर तुम्ही मत दिलंत आणि ते वाया गेलं. माझं निदान चुकलं. माफ करा."

माझी बायको मागे उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "अहो, तसं काही नाही सिस्टर," आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य सगळ्यात खोट्या अर्थाने बोलून गेलो. वर त्या म्हणाल्या की बाकीच्या घरांतही जायचंय, जिन्यात जरा हात धराल का.

मी हात धरला. दर दाराशी त्या तेच बोलल्या, शब्दही न बदलता. माझं निदान चुकलं, माफ करा. आजवर एवढ्या डॉक्टरांची चुकलेली निदानं त्यांनी पाहिली, पण त्यांतला एकही असा कॉटपाशी परत आला नव्हता, असं त्यांनीच मला दोन जिन्यांच्या मध्ये टेकून सांगितलं. लोक अवघडून जायचे. नजर चुकवायचे, पाणी आणायला आत पळायचे. सावंतवहिनींना तर रडू यायचंच बाकी राहिलं. त्या समजूत घालायला म्हणाल्या, जाऊ द्या हो सिस्टर, सगळे सारखेच.

त्या एकाच घरात सिस्टर चिडल्या. "सगळे सारखेच असं फक्त शवागारात म्हणतात वहिनी. वॉर्डात नाही."

नंदूशेठकडेही त्या गेल्या. खरं बोलणारा तू एकटा होतास आणि मी तुला नापास केलं, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने ते ऐकलं, डोळे पुसल्यासारखे केले आणि लगेच पोराला हाक मारून सिस्टरांसोबत फोटो काढून घेतला. संध्याकाळी तो फोटो गल्लीतल्या सगळ्या मोबाइलवर होता. सिस्टर मला म्हणाल्या, "म्हणजे निर्लज्ज म्हटलेलं तेवढं बरोबर होतं."

पण फोटोची लाज म्हणा किंवा मिहीरला खिजवायची संधी म्हणा, नंदूशेठने स्वतःच्या नव्या इमारतीतला तळमजल्याचा एक गाळा आठवड्यातून दोनदा एका धर्मादाय डॉक्टरला बसायला दिला. भिंतीवर त्याचा दारापेक्षा मोठा फोटो. सिस्टर त्या फोटोखाली बसून पोरांना धरायच्या, केसपेपर लिहायच्या. हेतू तपासायला मी आता जात नाही, म्हणायच्या, औषधाची एक्सपायरी तेवढी बघते.

वर्षभराने त्यांचे गुडघे पार गेले. चार मजले जमेनात. खडवलीला त्यांच्या धाकट्या बहिणीचं बैठं घर होतं, तिथे जायचं ठरलं. सामान थोडंच होतं. टेम्पो यायला वेळ होता म्हणून आम्ही दोघं रिकाम्या हॉलमध्ये बसलो होतो. तसबीर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती, टेम्पोवाल्याच्या हातात द्यायची नव्हती. तेवढ्या वेळात मला राहवेना. मी सगळं सांगितलं. मत कुणाला दिलं, का दिलं, आणि त्या माफी मागायला आल्या तेव्हा मी कसा उभा राहिलो.

त्या तसबिरीच्या काचेवरची धूळ पदराने पुसत राहिल्या. मला वाटलं, माझ्या आईची कूस बदलणारा तो हात आता मला बाहेर जायला सांगेल.

"रंगासाठी?" त्यांनी अखेर विचारलं.

"हो."

"आणि रंग तर मिळाला नाही."

"नाही."

"मग तुमचंही निदान चुकलं," त्या म्हणाल्या. "माझ्यासोबत ज्या दारांत उभे राहिलात, त्या दारांत जाऊन सांगा. एकटे जा. हात धरायला कुणाला नेऊ नका."

टेम्पो गेला. मी आठवडाभर टाळाटाळ केली. रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या मजल्यावर जोशीकाकांची बेल वाजवली. काका निवृत्त हेडमास्तर, बोलणं अगदी पुस्तकी, त्यामुळे भीती जास्त. मी सांगितलं की मी सिस्टरांना शब्द देऊन मत नंदूशेठला दिलं. काकांनी मागे वळून काकू स्वयंपाकघरात असल्याची खात्री केली, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "अहो, मीसुद्धा. आमच्या बाल्कनीचा बाहेरचा भाग राहिला होता ना."

दुसऱ्या मजल्यावर सावंतवहिनी मला मध्येच थांबवून रडायलाच लागल्या. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, दोघांनीही. तिसऱ्या मजल्यावर एकाने नंदूशेठला दिलं होतं, दुसरा मतदानालाच गेला नव्हता, खडवलीच्या नदीवर पिकनिकला गेला होता आणि शाईऐवजी मार्करने बोट रंगवून आला होता. वरपर्यंत पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की आमच्या इमारतीत मिहीरला पडलेलं मत एकच होतं, सिस्टरांचं. त्याला निवडून दिलं ते दुसऱ्याच कुठल्या गल्ल्यांनी. सिस्टरांच्या शब्दाने इथे एक बटणही हललेलं नव्हतं. ज्या पापाची त्यांनी दारोदार माफी मागितली, ते त्यांच्या हातून घडलंच नव्हतं.

हे त्यांना कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. सांगितलं तर त्यांच्या मनावरचं ओझं उतरणार होतं, पण एवढ्या वर्षांत आपला शब्द चालतो ही समजूतही त्यासोबत उतरणार होती. बायको म्हणाली, खोटं बोलून झालंय ना एकदा, परत कशाला. मी फोन लावला.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. एकेका घराचं नाव विचारलं. जोशीकाकासुद्धा? वहिनीसुद्धा? मग पलीकडचा कुणाचा तरी कोंबडा आरवलेला मला कोपरीत ऐकू आला. आणि मग त्या हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. बहीण पाणी घेऊन आल्याचा आवाज आला.

"सेक्रेटरी," त्या दम खात म्हणाल्या, "पेशंटांनी औषध घेतलंच नव्हतं. आणि मी डोस चुकला म्हणून वर्षभर झोपले नाही."

मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. वॉर्डात हे रोजचं होतं, म्हणाल्या. सिस्टर समोर आहे तोवर पेशंट गोळी तोंडात टाकतो, हो हो म्हणतो, आणि पाठ फिरली की काढून उशीखाली सरकवतो. राग धरून चालत नाही. गोळी कडू असते आणि सिस्टर प्रेमाने उभी असते, तो बिचारा करणार काय.

"इतकी वर्षं सकाळच्या राउंडला पहिल्यांदा उशा झटकायचे मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बिल्डिंगीत तेवढं राहून गेलं."

त्यांचं नाव अजून आमच्याच मतदार यादीत आहे. बदलून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत.